चाकं आधी, भिंती नंतर: किटमधून मीटरगेज मालडबा बांधताना

मोठ्या मापाचा, म्हणजे हातात घेतल्यावर वजन लागणारा आणि अंगणातल्या रुळांवर धावणारा मॉडेल मालडबा किटमधल्या सुट्या भागांतून जोडणं फार अवघड नाही. तो वळणावर, सांध्यावर, उलटा ढकलतानाही रुळावर टिकवणं अवघड आहे. किटच्या खोक्यावर चित्र असतं भिंतींचं, दरवाजांचं, छपराचं. डबा घसरतो तो खालच्या चौकटीमुळे. त्यामुळे या लेखात चौकटीला आणि चाकांना जास्त जागा मिळाली आहे, आणि रंगरंगोटी शेवटी आहे. घाईत असाल तरी हा क्रम उलटा करू नका.

माप कोणतं?

अंगणातल्या मॉडेल रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर जगभर बहुतेक ४५ मिमी असतं. गोंधळ असा की याच रुळांवर वेगवेगळ्या मापांच्या गाड्या धावतात. १:३२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाच्या मापात, हे रूळ युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजचे होतात, १:२०.३ मध्ये तीन फुटी नॅरोगेजचे आणि १:२२.५ मध्ये मीटरगेजचे. १:२९ चे अमेरिकन डबेही यावरच धावतात, पण त्यांचं गणित रुळाशी नीट जुळत नाही. आपल्या ब्रॉडगेजसाठी मात्र हिशेबाने १:३७ च्या आसपासचं माप लागेल, आणि त्या मापात दुकानात जाऊन उचलावं असं काही मिळत नाही.

इंदूरकराने १:२२.५ घ्यावं, यात मला शंका नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून खंडव्याहून इंदूरकडे होळकर स्टेट रेल्वे आली, आणि ती मीटरगेज होती. घाटातल्या पातालपानी ते कालाकुंड या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरात हेरिटेज गाडी सुरू झाली. घरातल्या मोठ्यांकडे या लाइनच्या आठवणी असतात, त्यामुळे दरवाजाची कडी कुठे होती यावर वाद घालायला माणसं मिळतात.

या मापात खऱ्या डब्याचा एक फूट म्हणजे मॉडेलचे १३.५ मिमी. वीस फुटी डबा साधारण २७ सेंटिमीटरचा होतो. चारचाकी बंद डबा पहिल्या किटसाठी सर्वांत बरा: भिंती सरळ, छप्पर एकाच गोलाईचं, आणि आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

आपल्या मीटरगेज मालडब्याचं हुबेहूब किट शोधत बसलात तर बसूनच राहाल. युरोपातल्या नॅरोगेज आणि मीटरगेज डब्यांची किट मिळतात. त्यांपैकी साध्या पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या भिंतींचं, चारचाकी किट घ्यायचं आणि दरवाजा, बफर, अक्षरं आपली करायची. एक खूण लक्षात ठेवा. ब्रॉडगेजच्या जुन्या डब्याला टोकाला दोन बाजूंना दोन बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, असतात, मीटरगेजला मधोमध एकच. दोन बफर असलेलं किट आलं तर ते दोन्ही बफर कापून टाका. एवढ्यानेच डबा अर्धा आपला दिसायला लागतो. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा, नाहीतर खोकं दारात आल्यावर पोस्टमनसमोर हिशेब करावा लागतो.

किट कशाचं आहे तेही बघा. इंजेक्शन मोल्डेड प्लॅस्टिक सर्वांत सोपं. लेझरने कापलेलं बर्च प्लाय छान, फक्त पावसाळ्याआधी ते सील केलेलं हवं. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, घराबाहेर चालवायचं असेल तर नको; एकदा कड ओली झाली की ती फुगते आणि परत बसत नाही. थ्रीडी प्रिंटच्या भागांबद्दल आधी विचारा, प्लॅस्टिक कोणतं, पीएलए की दुसरं काही? पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलेला गडद रंगाचा डबा तिथवर सहज तापतो. पीईटीजी किंवा एबीएस असेल तर चिंता कमी.

हत्यारं आणि गोंद

इंदूरच्या सियागंज बाजारात एक चक्कर मारली की जवळजवळ सगळं मिळतं: छोटा गुण्या, स्टीलची पट्टी, व्हर्नियर, बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचं ड्रिल, १२० पासून ६०० पर्यंतचे पॉलिश पेपर. कटरची पाती भरपूर घ्या. बोथट पातं जास्त जोर लावायला लावतं आणि बोटात जातं. शिकंज्यांच्या जोडीला कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड पुरेसे आहेत.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र हत्यारांच्या दुकानात मिळत नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटचे कापून उरलेले तुकडे फरशीवाल्याकडे पडलेले असतात, त्यातला फूट-दीड फुटाचा पॉलिश केलेला एक मागून आणा. इतका सपाट पृष्ठभाग घरातल्या कुठल्याही टेबलाला नसतो, आणि पुढची सगळी मोजमापं त्यावरच होणार आहेत.

गोंदाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लाकडाला लाकूड जोडताना पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचा फेविकॉल. धातूला लाकूड किंवा धातूला प्लॅस्टिक असेल तर दोन नळ्यांचा ॲरल्डाइट, आणि तो रात्रभर सोडायचा. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला प्लॅस्टिक विरघळवून जोडणारं पातळ सिमेंट, खिडकी उघडी ठेवून. फेविक्विक फक्त पकडायच्या दांड्या, कड्या अशा ज्यावर भार येत नाही त्यांच्यासाठी. त्याने जोडलेला सांधा धक्क्याला ठिसूळ असतो, आणि बंद जागेत त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी भुकटी बसते.

खोकं उघडल्यावर

सूचनापत्रक एकदा पूर्ण वाचा, भाग मोजा, काही तोडू नका. प्लॅस्टिकचे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यावर असतानाच भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर राहिलेलं असतं आणि रंग धरत नाही. प्लायचे भाग असतील तर दोन्ही बाजूंना सँडिंग सीलरचा एकेक हात द्या. एकाच बाजूला दिला तर पातळ प्लाय दुसऱ्या दिवशी वाकलेलं मिळेल. ज्या कडांना गोंद लागायचा आहे त्या चिकटपट्टीने झाका.

चौकट

दोन लांब बाजू, दोन टोकांच्या आडव्या पट्ट्या आणि मधल्या आडव्या. गोंद न लावता आधी नुसती ग्रॅनाइटवर मांडा. चारही कोपरे गुण्याने तपासा, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरपी आहे, कोपऱ्यांना गुण्या काहीही सांगो. गोंद लावून, वर जड पुस्तक किंवा वीट ठेवून ती दगडावरच वाळू द्या. दगड आणि चौकट यांच्यामध्ये बटर पेपर घाला, नाहीतर ओट्याचा तुकडा तुमच्या डब्याचा कायमचा भाग होईल.

वाळल्यावर चारही कोपरे आळीपाळीने बोटाने दाबा. कुठे टकटक आवाज आला तर चौकटीला पीळ आहे. पीळ आता काढा: खालच्या बाजूला पॉलिश पेपर घासून, किंवा सांधा उकलून पुन्हा. भिंती चढल्यावर हा पीळ पक्का होतो.

आता एक्सल गार्ड, म्हणजे ज्यांच्यामध्ये धुऱ्याची टोकं धरणारे एक्सल बॉक्स बसतात ते चार पाय. दोन्ही धुरे, म्हणजे चाकांचे दांडे, एकमेकांना समांतर आणि चौकटीच्या लांबीला काटकोनात हवेत. एका बाजूला दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्ही अंतरं सारखी नसतील तर डबा सतत एका रुळाकडे ओढत जाईल, आणि दोष तुम्ही रुळाला द्याल.

चाकं किटमध्ये प्लॅस्टिकची असतील तर सरळ धातूची घ्या. ती वजन खाली आणतात, घाण कमी पसरवतात आणि सांध्यांवर त्यांचा तो खटक-खटक आवाज येतो, जो प्लॅस्टिकला कधी येणार नाही. चाकजोडीत दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ४० मिमीच्या आसपास हवं. ४० मिमीचा ॲक्रिलिकचा तुकडा कापून घ्या आणि प्रत्येक चाकजोडी त्यावर तपासा; तो जेमतेम सरकायला हवा. अंतर कमी असेल तर सांधाबदलाच्या काट्यांवर डबा चढतो, जास्त असेल तर वळणात अडकतो. चाक धुऱ्यावर सरकवताना फिरवत सरकवा, ठोकू नका.

तीन टेकू

आता ज्या गोष्टीसाठी किटवाले क्वचितच पत्रकात ओळ खर्च करतात ती. चार चाकं एका ताठ चौकटीला घट्ट बसवली की अंगणातल्या रुळावर त्यांतली तीनच टेकतात, चौथं हवेत. अंगणात रूळ कधीच पूर्ण सपाट नसतो, त्यात मालव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे गिट्टीखालची पातळी प्रत्येक ऋतूत हलते. चार पायांचं टेबल ओबडधोबड जमिनीवर डगमगतं, तीन पायांची घडवंची डगमगत नाही. आपल्याला डब्याची घडवंची करायची आहे.

एका टोकाचा धुरा जसा आहे तसा घट्ट ठेवा. दुसऱ्या टोकाच्या धुऱ्याची भोकं बारीक गोल कानशीने फक्त वर आणि खाली लांबवा, प्रत्येकी सुमारे एक मिलिमीटर. पुढे-मागे अजिबात नाही, नाहीतर धुरा तिरपा होईल. मग चौकटीच्या मधोमध, त्या धुऱ्याच्या बरोबर वर एक आडवी पट्टी बसवा आणि तिच्यातून खाली येणाऱ्या गोल डोक्याच्या बोल्टचं डोकं धुऱ्याच्या मध्यावर टेकू द्या. डब्याचं त्या टोकाचं वजन आता या एका बिंदूवर येतं आणि धुरा त्याभोवती डावी-उजवीकडे डोलू शकतो. बोल्ट आत-बाहेर फिरवून डब्याची दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आणा, मग नटाने आवळून टाका. जिथे बोल्ट धुऱ्याला घासतो तिथे तेलाचा थेंब.

तपासणी सोपी आहे. चौकट ग्रॅनाइटवर ठेवा आणि एका चाकाखाली एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी घाला. उरलेल्या तिन्ही चाकांखालून वर्तमानपत्राच्या कागदाची चिंधी ओढून बघा. प्रत्येक ठिकाणी कागद अडला पाहिजे. एखाद्या चाकाखालून तो सुळकन निघाला तर भोकं अजून थोडी लांबवा. हेच चारही चाकांसाठी.

बेअरिंग पितळेची असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. प्लॅस्टिकची असतील तर तेल नको, पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्राफाइटची, पूड. मग एक मीटर सरळ रुळाचं एक टोक दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि चौकट सोडा. ती स्वतःहून निघाली पाहिजे आणि शेवटपर्यंत गेली पाहिजे. अडखळली तर चाकजोडी काढून उलटीसुलटी बसवून बघा.

वजन

वजन मापाच्या घनाने कमी होतं: २२.५ चा घन साधारण ११,४००. समजा रिकामा डबा आठ टनांचा, तर मॉडेलचं वजन सुमारे ७०० ग्रॅम आलं. योगायोग म्हणा, पण या लांबीच्या डब्याला चालवायलाही तेवढंच बरं पडतं. त्याहून हलका डबा वळणात ओढला जातो. फार जड केला तर लांब गाडीत इंजिन दमतं.

वजन फरशीच्या खाली किंवा अगदी फरशीवर, दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायच्या चिकट पट्ट्या मिळतात, पाच-दहा ग्रॅमच्या तुकड्यांत. त्या याच कामासाठी बनल्यासारख्या आहेत. लोखंडाच्या घ्या, शिशाच्या नकोत. शिसं हाताळून तेच हात जेवायला नकोत, आणि घरात मुलं असतील तर अजिबातच नको. त्यांच्या चिकटपट्टीवर मात्र भरवसा ठेवू नका, उन्हाळ्यात ती सुटते. वरून ॲरल्डाइट लावा.

जोडणी आणि पहिली धाव

कपलिंग, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा भाग, कोणतंही निवडा, पण सगळ्या गाडीत एकच आणि एकाच उंचीचं. ॲल्युमिनियमच्या एल-पट्टीचा तुकडा कापून रुळाच्या माथ्यापासून कपलिंगच्या मध्यापर्यंतची उंची त्यावर कोरून ठेवा, तोच पुढच्या प्रत्येक डब्याचा मापक. टोकाचा मधला बफर दिखाऊ राहिला तरी हरकत नाही, पण वळणात शेजारच्या डब्याला तो टेकतो का ते पाहा.

आता, भिंती नसलेली ही वजनदार चौकट गाडीत लावा. आधी ओढून, मग ढकलून. ओढताना सगळेच डबे शहाणे असतात, दोष ढकलताना दिसतात. तुमच्याकडचं सर्वांत अरुंद वळण घ्या. बाजारातल्या तयार रुळांत ६०० मिमी त्रिज्या ही सर्वांत आवळ असते आणि दोन धुऱ्यांमधलं अंतर जास्त असलेल्या चारचाकीला ती जडच जाते. जागा असेल तर १२०० मिमी किंवा जास्त ठेवा. ही चौकट न घसरता धावेपर्यंत भिंतींचं पाकीट फोडू नका, एवढाच माझा हट्ट आहे.

भिंती, दरवाजे, छप्पर

इथे आता वेग घ्यायला हरकत नाही. टोकाच्या भिंतीला एक बाजू जोडून इंग्रजी एल तयार करा, तसेच दोन एल, आणि मग ते दोन एकमेकांना. गुण्या प्रत्येक वेळी आतून लावा. भिंती फरशीला चिकटवण्याऐवजी आतून चार छोट्या लाकडी ठोकळ्यांवर स्क्रूने बसवल्या तर पुढे कधीही खालची दुरुस्ती करता येते. छप्पर तर कधीच चिकटवू नका: चार कोपऱ्यांत छोटे गोल चुंबक, दोन्हीकडे. दिशा आधी तपासून घ्या; चिकटल्यावर एकमेकांना ढकलणारे चुंबक काढणं त्रासाचं आहे.

रिव्हेट हवे असतील तर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याला मागून, टोक थोडं बोथट केलेल्या कंपासने टिंब उठवायची. ओळ सरळ यावी म्हणून पत्र्यावर आलेखाचा कागद चिकटवा आणि खाली जाड पुठ्ठा ठेवा. ब्रेकचं काम, म्हणजे हातब्रेकची लांब दांडी आणि व्हॅक्यूम सिलिंडर, पितळी तारेतून आणि प्लॅस्टिक नळीच्या तुकड्यातून होतं. दांडीची तार हातोडीने हलकी चपटी केली की ती खरीखुरी दिसते. ही दांडी बोटाखाली सर्वांत आधी येते, म्हणून तिला दोन्ही टोकांना भोकात बसवा, नुसती चिकटवू नका.

रंग आणि अक्षरं

मीटरगेजच्या व्हॅक्यूम ब्रेकच्या डब्यांचा तांबूस तपकिरी रंग आणायला परदेशी बाटली मागवायची गरज नाही. रंगाच्या कोणत्याही दुकानातला रेड ऑक्साइड प्रायमर जवळजवळ तोच आहे, आणि मुळातच मॅट. टर्पेंटाइनने पातळ करून दोन बारीक हात. आधी प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक प्रायमर हवा. एक नियम मात्र पाळा: तेलकट एनॅमल किंवा रेड ऑक्साइडच्या वर स्प्रे कॅनचा लॅकर मारू नका, खालचा थर सुरकुततो. उलटा क्रम चालतो. आणि लॅकर पातळ करायच्या एनसी थिनरने प्लॅस्टिक पुसायचा विचारही नको, पृष्ठभाग वितळतो.

वेळ निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या ओलाव्याने स्प्रेवर पांढुरकी छटा येते. मे महिन्याच्या दुपारी रंग डब्याला लागण्याआधीच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दहा-अकराच्या उन्हात, वारा नसताना, हा इंदूरचा रंगाचा मोसम.

पांढरी अक्षरं घरच्या प्रिंटरवर छापता येत नाहीत, कारण त्यात पांढरी शाई नसते. पण गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम लावणाऱ्याकडे कापायचं मशीन असतं. संगणकावर ‘प रे’ (पश्चिम रेल्वे), क्रमांक, रिकामं वजन आणि दुरुस्तीची तारीख आखून त्याच्याकडे न्या आणि पांढरी अक्षरं न कापता उलटं सांगा: अक्षरांच्या जागी भोकं असलेला साचा कापून दे. तो डब्यावर चिकटवून स्पंजने पांढरा रंग टिपा, ब्रश नको. पाच मिमीहून लहान अक्षरं मशीनला झेपत नाहीत. देवनागरीत मात्रा तर आधी फाटते. तेवढी बारीक अक्षरं पांढऱ्या ॲक्रिलिक मार्करने हाताने लिहा. खऱ्या डब्यांवरही कारखान्याच्या रंगाऱ्याच्या हातचीच असत, त्यामुळे थोडी वाकडी चालतात.

धूळ चढवताना कोरड्या रंगपुडीचा आणि मऊ ब्रशचा वापर करा: चाकांजवळ तपकिरी, छपरावर धुराची काळसर छटा, दरवाजाच्या खालच्या कडेला थोडी पांढुरकी, धान्याची किंवा सिमेंटची. शेवटी मॅट वार्निशचा एक पातळ हात. तो पुडीचा रंग थोडा गडद करतो, म्हणून आधी हवी त्यापेक्षा जरा फिकट ठेवा.

डबा चालवून झाल्यावर चाकांवरची काळी काजळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, रंगाला स्पिरिट लागू देऊ नका. पावसाळ्यात डबा छप्पर काढून, कोरड्या कपाटात ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाकून. ऑक्टोबरात बाहेर काढलात की प्रथम तीन टेकूंची कागदाची तपासणी पुन्हा करा, कारण एवढ्यात लाकूडही हललेलं असतं आणि मातीही.